इंजिन कोणत्या गावचे?

जुनी लहान मोटार विकावयास निघाली म्हणजे तिच्या गुणवर्णनात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘इंजिन अस्सल बाहेरचे आहे.’ बाहेरचे म्हणजे परदेशातून आलेले. एवढे शब्द उच्चारले की विकणाऱ्याची मान थोडी ताठ होते आणि घेणारा दोन पैसे अधिक मोजावयास मनाने तयार होतो. उलट, ‘इंजिन येथेच बनलेले आहे’ असे कोणी सांगितले तर ते काहीसे खालच्या आवाजात सांगितले जाते. आमच्या अंबरपेठेत, मुसी नदीच्या अलीकडच्या गल्ल्यांतून फिरताना, एखाद्या जुन्या वाड्याच्या फाटकाआड ताडपत्रीखाली झाकलेली फियाट, नाही तर आरंभीच्या काळातील मारुती अजून क्वचित दृष्टीस पडते. अशा गाडीचे इंजिन थकले म्हणजे घरात वाद सुरू होतो. आहे तेच इंजिन खोलून दुरुस्त करावे, की कोठून तरी परदेशी इंजिन मिळवून बसवावे, की गाडी भंगारात द्यावी? हा वाद केवळ हौसेचा नसतो. मध्यमवर्गीय कुटुंबाची काही महिन्यांची शिल्लक त्यात गुंतलेली असते. म्हणून परदेशी आणि स्वदेशी इंजिनांतील हा भेद वस्तुतः काय आहे, त्यात खरे किती आणि ऐकीव किती, हे या लेखात पाहण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

प्रथम ‘येथे बनलेले’ या शब्दांचा अर्थ नीट लावला पाहिजे. परदेशातून सर्व सुटे भाग पेट्यांत भरून आणावयाचे आणि येथे ते केवळ एकमेकांस जोडावयाचे, याला जुळणी म्हणतात. परदेशी कंपनीकडून नकाशे व परवाना घेऊन तेच भाग आपल्या कारखान्यात ओतावयाचे, घडावयाचे आणि घासावयाचे, ही निर्मिती होय. आणि नकाशाही आपल्याच अभियंत्यांनी काढावयाचा, ही तिसरी आणि सर्वांत अवघड पायरी. बोलताना लोक या तिन्ही गोष्टी एकाच नावाने संबोधतात, आणि निम्मा घोटाळा तेथेच होतो. जुळणी झालेल्या गाडीवर नाव हिंदुस्थानी कंपनीचे असले तरी आतील इंजिन सर्वस्वी परदेशी असू शकते.

हैदराबादला परदेशी इंजिनांची ओळख फार जुनी आहे. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या मार्ग परिवहन विभागाने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली, तेव्हा त्या अल्बियन बनावटीच्या गाड्या स्कॉटलंडहून आल्या होत्या. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी १९२६ ते १९२८ च्या सुमारास हिंदुस्थानात जुळणीचे कारखाने काढले होते खरे; परंतु इंजिन समुद्रापलीकडूनच येई.

हे चित्र बदलावे असे ज्यांना प्रथम तीव्रतेने वाटले त्यांत एक नाव हैदराबादकरांना विशेष परिचयाचे आहे. १९०८ च्या सप्टेंबरमध्ये मुसीला महापूर आला आणि शहराची अपरिमित हानी झाली. त्यानंतर पूरनियंत्रणाची योजना आखण्यासाठी ज्या अभियंत्याला बोलावण्यात आले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. याच विश्वेश्वरय्यांनी पुढे १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटारींच्या कारखान्याची योजना तयार केली. ती उचलून धरली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. सरकारी अनास्था आणि महायुद्ध यांमुळे काही वर्षे वाया गेली. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईच्या कुर्ला भागातील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मात्र त्या गाड्या म्हणजे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ वगैरे मोटारींची जुळणीच होती. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ च्या सुमारास ‘फियाट ११००’ ही लहान गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. हीच गाडी, थोडी रूपे पालटून, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने आपल्या रस्त्यांवर धावली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या कोणालाही तिची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

येथे सरकारी धोरणाचा भाग थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून कुर्ल्याचे इंजिन ‘कुर्ल्याचे’ झालेच नसते. १९४९ साली संपूर्ण तयार मोटारी आयात करण्यास बंदी झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने अहवाल दिला की, ज्या कारखान्यांपाशी क्रमाक्रमाने सर्व भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम नसेल त्यांना जुळणीचे काम चालू ठेवू देऊ नये. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी त्यानंतर लवकरच येथील गाशा गुंडाळला. जे उरले त्यांना एकेक भाग येथे बनविण्याची सक्ती झाली. टायर, बॅटरी, बैठका, काचा, रेडिएटर हे भाग तुलनेने लवकर साधले. इंजिनाचे काम मात्र तसे सोपे नव्हते.

इंजिन इतके अवघड का, हे समजण्यासाठी त्याच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. शाळेतील विद्यार्थ्यांना हे गणित घरी करून पाहता येईल. फियाट ११०० च्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ७५ मिलिमीटर खालीवर होतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळास उंचीने गुणिले की एका सिलिंडरचे घनफळ मिळते, आणि त्याची चौपट केली की उत्तर येते सुमारे १०८९ घनसेंटिमीटर. कागदपत्रांत ‘१०८९ सी. सी.’ असे जे लिहिलेले असते ते हेच. अँबॅसडरचे जुने इंजिन ७३.०२५ मिलिमीटर व्यासाचे व ८८.९ मिलिमीटर धावेचे. त्याचे उत्तर १४८९ येते. या विचित्र दशांशांचे कारण असे की, ते इंजिन ब्रिटिशांनी इंचांत आखलेले होते. साडेतीन इंच म्हणजे बरोबर ८८.९ मिलिमीटर.

आता या सिलिंडरात पिस्टन बसवावयाचा आहे. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापल्यावर दोन्ही धातू फुगतात. पण ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. ६८ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास साधारणपणे ०.१५ मिलिमीटरने वाढतो, आणि तितक्याच तापलेला बिडाचा सिलिंडर त्याच्या निम्म्याने. म्हणजे थंड असताना दोहोंत योग्य तेवढी फट ठेवली नाही तर इंजिन तापताच पिस्टन अडकून बसेल. आणि फट अधिक ठेवली तर वायू खाली निसटेल, तेल वर चढेल, धूर येईल. माणसाच्या केसाची जाडी ०.०७ मिलिमीटरच्या आसपास असते. एका केसाच्या जाडीत सारे यशापयश साठवलेले आहे! हीच गोष्ट क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनच्या सरळ धावेचे फिरत्या गतीत रूपांतर करणाऱ्या वाकड्या दांड्याची. तो घडीव पोलादाचा किंवा विशिष्ट प्रतीच्या ओतीव लोखंडाचा असावा लागतो, आणि त्याची बेअरिंगवर फिरणारी गोल अंगे मिलिमीटरच्या शतांशापर्यंत अचूक घासावी लागतात.

म्हणून केवळ नकाशा मिळाल्याने इंजिन मिळत नाही. योग्य प्रतीचे पोलाद पाहिजे, ओतकामात फुगे न राहतील अशी भट्टी पाहिजे, अचूक यंत्रे पाहिजेत आणि मोजण्याची साधने पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, माप चुकलेला भाग निर्दयपणे बाजूस टाकणारा तपासनीस पाहिजे. १९५० च्या दशकात यांतील बहुतेक गोष्टी आपणांस नव्याने उभ्या कराव्या लागल्या. मद्रासेत १९४९ साली पिस्टनांचा कारखाना निघाला. बंगळूरला १९५१ साली मायको कंपनी सुरू झाली. तिने स्पार्क प्लग व डिझेलचे पंप बनविले. पुण्यात १९६१ साली भारत फोर्जची स्थापना झाली, आणि क्रँकशाफ्टसारखे घडीव भाग तेथे होऊ लागले. आपल्या सिकंदराबादच्या प्रागा टूल्स या १९४३ साली स्थापन झालेल्या कारखान्याचाही उल्लेख येथे केलाच पाहिजे. मोटारी त्याने बनविल्या नाहीत. परंतु लेथवर काम करणाऱ्या जुन्या कारागिराला ‘प्रागाचा चक’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ज्या यंत्रात भाग धरून तो घासावयाचा, त्या यंत्राचा पंजा हैदराबादचा होता, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

आता, येथे बनलेल्या जुन्या इंजिनांचे नाव खाली का राहिले याचा विचार करू. लोकांच्या तक्रारी सर्वस्वी खोट्या नव्हत्या. ओतकाम कधी कच्चे निघे; एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन गाड्यांत एक गोड चाले आणि दुसरी पहिल्या उन्हाळ्यातच तेल पिऊ लागे. याचे एक कारण कसबाचे, दुसरे बाजारपेठेचे. फियाटसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे, आणि ज्या मालासाठी गिऱ्हाईक रांगेत उभे आहे तो अधिक चांगला करण्याची निकड कारखानदाराला वाटत नाही. बंदीने उद्योग जन्मास आला. पण पुढे त्याच बंदीने त्याला सुस्त केले, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूळ देशात फियाट ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये संपले. आपल्याकडे तेच १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले.

तथापि एका गोष्टीत देशी इंजिनांवर अन्याय झाला. त्या काळी आपल्याकडील पेट्रोल कमी ऑक्टेनचे असे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अकाली पेट न घेण्याची इंधनाची शक्ती. ती कमी असेल तर सिलिंडरात मिश्रण फार दाबून चालत नाही, ठोके ऐकू येतात. म्हणून इंजिनाचे संपीडन मुद्दामच कमी ठेवावे लागे, आणि संपीडन कमी म्हणजे शक्तीही कमी. विलायतेत तेच इंजिन अधिक जोरदार चालते हे पाहून आलेला मनुष्य दोष कारखान्याला देई. खरा दोष पंपावरील पेट्रोलचा असे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ही पहिली गाडी दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली आणि ‘बाहेरचे इंजिन’ या शब्दांना नवे तेज चढले. तीन सिलिंडर, ६८.५ मिलिमीटर व्यास, ७२ मिलिमीटर धाव, म्हणजे ७९६ घनसेंटिमीटर. व्यास फियाटच्या जवळजवळ इतकाच, सिलिंडर मात्र एक कमी. आरंभीच्या गाड्या जपानच्या सुझुकी कंपनीकडून आलेल्या भागांची जुळणी करूनच तयार होत. सकाळी एका झटक्यात सुरू होणारे, आवाज न करणारे, थोड्या पेट्रोलवर दूर जाणारे ते इंजिन पाहून लोक चकित झाले. आजही जुन्या मारुतीचा मालक ‘आमचे पहिल्या लॉटचे जपानी इंजिन’ असे सांगतो त्याचे मूळ येथे आहे.

मग ते जपानी इंजिन पुढे हिंदुस्थानी का झाले? सरकारी आग्रह हे एक कारण होतेच. परंतु दुसरे कारण जपानी चलनाचे होते. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे पाच मोठ्या राष्ट्रांचा चलनविषयक करार झाला, आणि येनची किंमत झपाट्याने चढली. एका डॉलरला २४० च्या आसपास येन मिळत, ते दोन वर्षांत १४५ च्या आसपास आले. म्हणजे जपानहून येणारी प्रत्येक पेटी, तीत काहीही बदल न होता, महाग झाली. स्वस्त गाडी स्वस्त ठेवावयाची तर भाग येथेच करून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग पुरवठादार उभे केले गेले, त्यांना जपानी कारखान्यांशी जोडून दिले गेले, तपासणीची जपानी शिस्त त्यांना लावली गेली. फियाटच्या वेळी मुख्यतः बंदीच्या जोरावर जे करावे लागले होते, ते येथे काटेकोर मापाच्या जोरावर झाले. म्हणूनच मारुतीचे पुढचे, येथे बनलेले इंजिनही सामान्य चालकाला आधीच्या जपानी इंजिनाहून निराळे वाटले नाही. पस्तीस-चाळीस वर्षांच्या वापरानंतर तर तेल वेळेवर बदलले की नाही, याचाच फरक अधिक दिसतो. इंजिन कोठे ओतले गेले याचा नव्हे.

दुसरा एक प्रकार त्याच सुमारास रूढ झाला : जुने शरीर आणि नवे हृदय. कुर्ल्याच्याच कंपनीने १९८५ च्या सुमारास ‘११८ एन. ई.’ ही गाडी आणली. तिचे अंग इटालियन फियाट १२४ चे, पण इंजिन जपानच्या निसान कंपनीच्या नमुन्याचे, ११७१ घनसेंटिमीटरचे. नावातील ‘एन. ई.’ ही अक्षरे निसान इंजिनाचीच. काँटेसा व अँबॅसडर या गाड्यांनाही पुढे जपानच्या इसुझु नमुन्याची १८०० घनसेंटिमीटरची इंजिने मिळाली. १९९८ च्या सुमारास मारुती झेनच्या डिझेल प्रकारात तर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे १५२७ घनसेंटिमीटरचे इंजिन थेट आयात करून बसविलेले होते.

आयात इंजिनाची खरी परीक्षा ते नवे असताना होत नाही; ते बिघडल्यावर होते. नवे असताना त्याचे काम नेमके, धातू उत्तम, आवाज मंद. पण वीस वर्षांनी एखादा पंप, एखादे गॅस्केट, एखादा सेन्सर लागला, आणि ज्या गाडीसाठी ते इंजिन आणले होते ती गाडीच बंद झालेली असली, तर मालकाने कोणाचे दार ठोठवावे? जुन्या फियाटची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. मुंबईत हजारो टॅक्सी त्याच इंजिनावर चालत होत्या. त्यामुळे त्याचे पिस्टन, रिंगा, झडपा, गॅस्केट बनविणारे लहानमोठे कारखाने ठिकठिकाणी निघाले. त्यांतील सगळाच माल चांगला होता असे नव्हे, पण माल होता. सिकंदराबादच्या राणीगंजातील दुकानात चिठ्ठी घेऊन गेलेला मनुष्य सहसा रिकाम्या हाताने परतत नसे.

आणि भाग नसला तरी कारागीर होता. आमच्याकडे चांगल्या मेकॅनिकला मराठी घरांतही ‘उस्ताद’ म्हणतात. इंजिन बांधणे हे या उस्तादांचे काम. झिजलेला सिलिंडर बोअरिंगच्या यंत्रावर थोडा मोठा करावयाचा आणि त्यात तितकाच मोठा पिस्टन घालावयाचा. असे मोठे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात : पाव, अर्धा, पाऊण, एक. पाव मिलिमीटरने भागत असेल तेथे जो उस्ताद अर्धा मिलिमीटर कापतो तो गाडीचे आयुष्य कमी करतो, हे सुज्ञ मालकाने ध्यानात ठेवावे. शेवटची पायरी संपली म्हणजे आत नवी नळी, जिला स्लीव्ह म्हणतात, दाबून बसवितात आणि पुन्हा मूळ मापापासून आरंभ होतो. क्रँकशाफ्टही असाच घासून, जाड बेअरिंगे घालून, दोन-तीन वेळा वापरता येतो. ज्या इंजिनाचा नकाशा सर्वांना पाठ आहे आणि ज्याचे भाग शेजारच्या बाजारात आहेत त्याचाच असा पुनर्जन्म पुन्हा पुन्हा शक्य होतो. आमच्या मते ‘येथले इंजिन’ या शब्दांचा खरा अर्थ हा आहे. इटलीत जन्मलेले इंजिन अशा रीतीने कुर्ल्याचे झाले आणि काही अंशी अंबरपेठेचेही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबावर असा निर्णय घेण्याची वेळ आली. गाडी पद्मिनी, वडिलांनी निवृत्तीच्या वेळी घेतलेली. निळा धूर येऊ लागला, चढावर दम तुटू लागला. थोरल्या चिरंजीवांना एका दुकानदाराने सुचविले की, वापरलेले जपानी इंजिन मिळेल, अगदी नव्यासारखे, ते बसवून टाका. धाकट्याचे म्हणणे, आहे तेच बांधून घ्यावे. वडील काहीच बोलेनात. औषधपाण्याचा खर्च नुकताच वाढला होता आणि दोन्ही मार्गांना पैसे त्यांच्याच ठेवीतून जाणार होते. शेवटी त्यांनी स्वतःच एक प्रश्न विचारला : ‘ते इंजिन बसविले आणि वर्षाने बिघडले, तर ते उघडणारा माणूस कोण?’ दुकानदाराला उत्तर देता आले नाही. शिवाय नव्या इंजिनासाठी आधाराचे कंस, गिअरपेटीचा सांधा, रेडिएटर, सारेच बदलावे लागणार होते, आणि तो खर्च पहिल्या बोलीत धरलेला नव्हता. इंजिन बांधून घेण्याचे ठरले. इंजिन चालू झाले त्या दिवशी वडिलांनी गाडी नल्लकुंट्यापर्यंत स्वतः चालवीत नेली, एवढे आम्हांला ठाऊक आहे.

अशा प्रसंगी कायद्याची बाजूही पाहावी लागते. नोंदणीच्या पुस्तकात इंजिनाचा व सांगाड्याचा असे दोन्ही क्रमांक असतात. इंजिन बदलले तर १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार परिवहन कार्यालयाची अनुमती व नोंद अवश्य ठरते. ती नसेल तर विमा, नूतनीकरण व विक्री या तिन्ही वेळी अडचण येते. ‘अस्सल जपानी’ म्हणून सांगितलेल्या इंजिनाचा क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे घेणाऱ्याने प्रथम पाहावे.

या सर्व विवेचनात तिसरी पायरी, म्हणजे नकाशाही आपलाच, ही अद्याप बाजूस राहिली. तिचे स्वप्न आपल्याकडे कोणी पाहिले नाही असे नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची लहान गाडी स्वतःच्या कल्पनेने उभी केली. पहिला नमुना १९४९ सालचा, आणि पुढे १९७० नंतरपर्यंत ते सुधारलेले नमुने करीत राहिले. त्यांना कारखाना काही उभारता आला नाही. एका मनुष्याची बुद्धी आणि चिकाटी गाडीचा नमुना घडवू शकते. पण त्याच मापाची दहा हजार इंजिने घडविण्यास पोलाद, यंत्रे, पुरवठादार आणि परवाना हे सारे लागते. ते सारे जुळून येण्यास १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पुण्याच्या टाटा कारखान्याने इंडिका ही लहान गाडी लोकांपुढे ठेवली. तिच्या इंजिनाचे नाव ‘४७५’. चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटर व्यास, हाच त्या नावाचा अर्थ. धाव ७९.५ मिलिमीटर, घनफळ १४०५. ते घडविताना पॅरिसमधील एका अभियांत्रिकी संस्थेची मदत घेतलेली होती, हे सांगण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. आरंभीच्या इंडिकांना तक्रारी पुष्कळ आल्या. कंपनीने सुधारणा केल्या. आणि तेच डिझेल इंजिन पुढे देशभर भाड्याच्या गाड्यांतून धावले.

नंतरच्या काळात तर ‘परदेशी की देशी’ हा प्रश्न विचारणेच अवघड झाले. फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. आखणी इटलीत, उत्पादनाचा आरंभ २००३ मध्ये पोलंडात. मग ते पुणे जिल्ह्यातील रांजणगावी व हरियाणातील मानेसर येथे तयार होऊ लागले आणि फियाट, टाटा व मारुती अशा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तिन्ही कंपन्यांच्या लहान गाड्यांत बसले. गिऱ्हाइकाने त्याला कधी पोलिश म्हटले नाही आणि मराठीही म्हटले नाही. धुराविषयीचे कडक नियम २०२० च्या एप्रिलपासून अमलात आले, तेव्हा मारुतीने ते बंद केले.

आता शेवटी, ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर सुरू झाले. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे झडपांच्या बैठकींवर पातळ थर धरून त्यांची झीज रोखी. ज्या जुन्या इंजिनांचा वरचा भाग बिडाचा आहे, त्यांत ही बैठक आता लवकर झिजू शकते. इंजिन उघडलेच असेल तर तेथे कठीण धातूच्या कड्या बसवून घ्याव्यात. दुसरी गोष्ट दाबाच्या चाचणीची. स्पार्क प्लग काढून त्या जागी दाबमापक लावावा आणि इंजिन स्टार्टरने फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब टिपून घ्यावा. एखाद्याचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन-तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा व सिलिंडरचा, कारण तेलाने तेथील फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर दोष बहुधा झडपांचा किंवा गॅस्केटचा, आणि मग सबंध इंजिन खाली उतरविण्याचे कारण उरत नाही. ही चाचणी अर्ध्या तासात होते. उस्ताद ती करण्यास टाळाटाळ करील आणि इंजिन उतरविण्याचीच घाई करील, तर गाडी दुसऱ्या उस्तादाकडे न्यावी.